मुलांना पिढीजात किराणा दुकानात नेताना: पहिल्या फेरीपासून मूल एकटं जाईपर्यंत

पुण्यातली नऊ वर्षं आटोपून आम्ही सांगलीत परत आलो, त्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी हातात यादी ठेवली. "गणपती पेठेत आपल्या दुकानात जाऊन ये. पोरांनाही ने, त्यांना कळू दे आपलं दुकान कुठलं ते." आपलं म्हणजे आमच्या मालकीचं नव्हे. सासूबाईंच्या सासऱ्यांपासून या घराचा किराणा जिथून येतो ते दुकान. तिथं आता मालकांची तिसरी पिढी गल्ल्यावर बसते आणि चौथी पोती उतरवून घेते.

मी मुलांना नेलं आणि सगळं चुकलं. महिन्याची तीन तारीख, संध्याकाळचे सात, बरोबर माझी दोन आणि शेजारची दोन. पगार झालेली निम्मी पेठ तिथं उभी होती. धाकट्यानं मिरचीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तोच डोळ्याला लावला. थोरली दहा मिनिटांत कंटाळली. शेठना मान वर करायला सवड नव्हती आणि मी गिऱ्हाइकांच्या मध्ये उभं राहून मुलांना "बघा, असं असतं जुनं दुकान" असं सांगत होते. पुढं दोन महिने मुलं तिकडं यायला तयार नव्हती.

नंतर हळूहळू जमलं. थोरली आता बारा वर्षांची आहे आणि एकटी जाऊन वाणसामान आणते. धाकटा साडेआठचा, तो तिच्याबरोबर जातो. मधल्या चुका तुम्हाला टाळता याव्यात म्हणून हे टप्पे लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मुलांना तिथं गिऱ्हाईक म्हणून न्या. प्रदर्शनाला नेल्यासारखं नेलंत तर मुलं एकदा बघतील आणि विसरतील. घरात खरंच लागणारी वस्तू स्वतः मागितली, स्वतः पैसे दिले, तर दुकान त्यांचं होतं.

बरोबर काय घ्यायचं

- दोन कापडी पिशव्या. एक तुमची, एक मुलाच्या खांद्याला पेलेल अशी लहान. सामान भरायला पिशवी दुकानातून मिळेल असं धरून जाऊ नका.
- तेल घेणार असाल तर घट्ट झाकणाची, धुऊन पूर्ण वाळवलेली बाटली.
- मुलाच्या हातची यादी आणि एक पेन्सिल.
- दहा-वीसच्या नोटा आणि नाणी. मोबाइलवरून पैसे सगळीकडे चालतात, पण पहिल्या काही फेऱ्यांना रोखच न्या. कारण सहाव्या टप्प्यात येईल.
- ओला रुमाल आणि पाण्याची बाटली.
- दुसऱ्यांची मुलं असतील तर त्यांच्या आईवडिलांची परवानगी, फोन नंबर आणि मुलाला काय चालत नाही याची चिठ्ठी. शेंगदाण्याचं तर आवर्जून विचारा. अशा दुकानात मूठभर दाणे हातावर ठेवले जातातच.

१. दुकान निवडा

सगळ्यात जुनं किंवा फोटोत छान दिसणारं दुकान शोधत बसू नका. तुमच्या घराचं, सासर-माहेराचं, शेजारच्या आजींचं जिथं जाणं-येणं आहे ते पहिलं. तसं काहीच नसेल तर घरापासून चालत जाता येईल असं निवडा, कारण पुढं मुलाला एकट्याला जायचं आहे.

ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. पाटीवर 'किराणा व भुसार मालाचे व्यापारी' असं लिहिलेलं असतं. माल सुटा मिळतो. गिऱ्हाइकाला बसायला बाकडं असतं. आणि मुख्य म्हणजे गल्ल्यावरचा माणूस येणाऱ्याला नावानं किंवा नात्यानं हाक मारतो. सांगलीत गणपती पेठ, मारुती रोड, हरभट रोड या भागात फिरलात तर अशी दुकानं दिसतील. माझं माहेर साताऱ्याचं. तिथं मोती चौकातून सदाशिव पेठेत चालत गेलं तरी पुरे.

इथं एक फसगत होते. गणपती पेठेतली बरीच दुकानं घाऊक व्यापाराची आहेत. तिथं मूल पावशेर शेंगदाणे मागायला उभं राहिलं तर त्यांचीही अडचण आणि मुलाचाही हिरमोड. 'किरकोळ देता का?' हे आधी विचारून घ्या.

२. आधी तुम्ही एकट्या जा

हा टप्पा गाळू नका. मी गाळला होता.

दुपारी गर्दी नसताना जा, काहीतरी विकत घ्या आणि मगच विषय काढा. तीन गोष्टी विचारायच्या. मुलांना घेऊन कधी आलेलं बरं? कशाला हात लावलेला चालेल? फोटो काढले तर चालतील का?

आमच्या शेठनी सांगितलं, "वहिनी, पंधरा तारखेनंतर या. सकाळी अकराच्या सुमारास. तेव्हा मी मोकळा असतो की." हा हिशेब बहुतेक ठिकाणी लागू पडतो. महिन्याचे पहिले दहा दिवस, आठवडे बाजाराचा दिवस, गणपती आणि दिवाळीच्या आधीचा पंधरवडा टाळा. दुकान उघडल्या उघडल्याही जाऊ नका. पहिली भवानी व्हायच्या आत नुसते प्रश्न घेऊन उभं राहणं बरं दिसत नाही.

फोटोंबद्दल एक. बरण्यांचे, तागडीचे फोटो बहुतेक जण काढू देतात. उघड्या वहीचा फोटो मात्र विचारूनसुद्धा काढू नका. त्या पानांवर दुसऱ्यांच्या उधाऱ्या असतात.

३. यादी मुलाच्या हातची

पाचपेक्षा जास्त जिन्नस नकोत, आणि ते त्याच दिवशी घरात वापरले जातील असे हवेत. आमची पहिली यशस्वी यादी भडंगाची होती: चुरमुरे, शेंगदाणे, जिरे, हळद, पिठीसाखर. लसूण, कढीपत्ता, तिखट घरात होतं. संध्याकाळी भडंग झालं आणि धाकट्यानं घरभर सांगितलं की दाणे त्यानं आणले आहेत. चुरमुरे मागताना मुलाला "भडंगाला पाहिजेत" असं म्हणायला शिकवा. चुरमुऱ्यांत प्रकार असतात आणि काम सांगितलं की दुकानदार योग्य तेच देतो. पाकिटाच्या खरेदीत मुलाला हे कधी कळत नाही, की काय करायचं आहे ते सांगून माल मागता येतो.

यादी लिहिताना मापांचे शब्द निघतील, तिथं थोडा वेळ द्या. सासूबाई अजून 'पावशेर' म्हणतात, दुकानातही पावशेर म्हटलं की २५० ग्रॅम मिळतं. पण खरा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम, आणि त्याचा पाव २३३ ग्रॅमच्या आसपास. देशात दशमान वजनांचा कायदा १९५६ साली झाला, १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो-ग्रॅम आले आणि जुना शब्द नव्या वजनाला चिकटला. पैशांचंही तसंच. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, त्याआधी सोळा आणे म्हणजे चौसष्ट पैसे होते. 'सोळा आणे खरं' हे मुलांना वाक्प्रचार म्हणून पाठ असतं, हिशेब म्हणून माहीत नसतं.

धान्य मोजायची मापं वेगळी. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. इथं मोठी माणसंही गोंधळतात, कारण वजनाचा मण ४० शेरांचा आणि मापाचा मण ६४ शेरांचा. मुलांना एवढंच सांगा की एक तोलायचं आणि एक भरायचं. आजी-आजोबांकडे पितळी मापटं किंवा चिपटं असेल तर जायच्या आदल्या दिवशी ज्वारी घेऊन भरून बघू द्या. आमच्याकडे एक चिपटं माळ्यावर होतं. दोन संध्याकाळ मुलं त्यावरून हलली नाहीत.

४. रस्ता आणि उंबरा

चालत जा. आम्ही गणपती मंदिरापासून सुरुवात करतो आणि पेठेतून सावकाश जातो. चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळं होऊन सांगलीत आपली राजधानी केली, त्यानंतर गाव वाढलं, पेठा वसल्या. पण लहान मुलांना राजापेक्षा पाणी लवकर समजतं. म्हणून दुकानासमोर उभं राहिलात की आधी पायऱ्या मोजायला लावा. जोतं इतकं उंच का? भिंतीवर कुठं खूण आहे का?

सांगलीत कृष्णेचं पाणी वाढलं की सगळे एकच विचारतात, "आयर्विनला किती फूट?" १९२९ साली झालेला हा पूल आमची मोजपट्टी आहे. तिथं ४५ फुटांना धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि बाजारपेठेत माणसांच्या डोक्याच्या वर पाणी होतं. त्याआधी २००५, नंतर जुलै २०२१.

शेठना विचारण्यासारखा पहिला प्रश्न हाच: "आजोबा, पाणी कुठवर आलं होतं?" आमच्या शेठनी तिसऱ्या फळीच्या वर बोट ठेवलं. मग थोरलीनं विचारलं, आधी काय वर नेलं? ते म्हणाले, "आधी वह्या. मग साखर, मग डाळी. गूळ शेवटी राहिला, तो गेला." ती घरी येऊन बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, साखरेच्या आधी वह्या का? हा प्रश्न तिचा तिलाच सोडवू दिला. सहाव्या टप्प्यावर तो सुटला.

पाण्याचा विषय जपून काढा. त्या वर्षी ज्यांचं सगळं गेलं त्यांना तो नको असू शकतो. समोरचा माणूस स्वतः बोलू लागला तरच पुढचे प्रश्न.

५. दुकानाच्या आत

पहिली पाच मिनिटं मुलांना काहीच सांगू नका. बाकड्यावर बसवा. आधी डोळे, मग नाक, हात सगळ्यात शेवटी. हा क्रम मी मिरचीच्या पोत्यातून शिकले.

*नाक.* शेठना मोकळीक असेल तर चार-पाच बरण्या उघडून वास घेऊ देतात. धने, दालचिनी, बाद्यान, दगडफूल, सुंठ, कपूरकाचरी. मसाल्याच्या हंगामात, म्हणजे चैत्र-वैशाखात, गेलात तर अख्खं दुकान कांदा-लसूण मसाल्याच्या तयारीत असतं. ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला अशा मिरच्या, खोबरं, तीळ, खसखस, तमालपत्र, नागकेशर, जायपत्री, खडा हिंग, सगळं एका यादीवर बांधून कांडपाकडे जातं. तेव्हा गर्दी असते, पण एकदा तरी मुलांना तो दिवस दाखवा.

काष्ठौषधींचे छोटे खणही बघा. सुंठ, वेखंड, हिरडा, मुरडशेंग, जायफळ. मी धाकट्याला म्हटलं, "तू तान्हा होतास तेव्हा आजी हेच उगाळून चाटवत होती." त्यानं मुरडशेंग हातात घेऊन तिचा पीळ दोनदा उलगडायचा प्रयत्न केला.

याच कोपऱ्यात खरा धोकाही असतो, म्हणून हे नीट वाचा:

- डांबरगोळी पेपरमिंटसारखी दिसते. कापराची वडीही गोळीसारखीच.
- तुरटी आणि खडीसाखर शेजारी ठेवल्या तर मोठ्यांनाही ओळखू येत नाहीत.
- बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजते, फोड येतात. बिब्ब्याला हात नकोच.
- वेखंडाची पूड नाकाजवळ नेली तर शिंकांनी जीव नकोसा होतो.

"आजोबांनी हातावर ठेवलं आणि आईनं हो म्हटलं तरच तोंडात" हा एक नियम दारातच सांगा आणि घरी परत सांगा.

*तागडी.* बहुतेक दुकानांत आता इलेक्ट्रॉनिक काटा आहे, पण जुनी तागडी कुठंतरी असतेच. विनंती केली तर काढतात. आधी रिकामी तागडी बघायची, दांडी आडवी आणि काटा मध्ये. मग षटकोनी लोखंडी वजनं हातात घेऊ द्या. वजन उलटं केलं की खळग्यात शिसं दिसेल आणि त्यावर शिक्का. वैधमापन शास्त्र विभागाचा माणूस तपासून तो उमटवतो. अशी वजनं दर दोन वर्षांनी आणि इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी तपासून घ्यावा लागतो. त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर असतं, मुलांना वाचायला लावा. दुकानदारावर संशय घेतोय असं वाटू नये म्हणून हे त्यांनाच दाखवायला सांगा. आमच्या शेठनी ते इतक्या अभिमानानं दाखवलं की मला आधी वाटलेला संकोच राहिलाच नाही.

मग कोडं घाला. वजनं ५०, १००, २०० आणि ५०० ग्रॅमची, प्रत्येकी एकच. ३५० ग्रॅम कसं तोलायचं? ते सोपं आहे, २०० आणि १०० आणि ५०. आता ४५० कसं? मुलं अडतात. एका पारड्यात ५०० ठेवायचं आणि मालाच्या पारड्यात मालाबरोबर ५०. हे थोरलीला सुचलं तेव्हा शेठनी गल्ल्यातून लिमलेटची गोळी काढून दिली. शाळेतल्या बेरीज-वजाबाकीचं कौतुक तिला तोवर कधी वाटलं नव्हतं.

तेल घेताना 'धडा' हा शब्द ऐकायला सांगा. रिकामी बाटली एका पारड्यात, तिच्या भारंभार काहीतरी दुसऱ्यात, म्हणजे धडा केला. मग भरलं तेवढं फक्त तेलाचं वजन. इलेक्ट्रॉनिक काट्यावर त्यासाठी एक बटण दाबतात, पण काय होतं ते तागडीवर दिसतं.

*हळद.* सांगलीत राहून मुलांनी हळद फक्त पुडीत पाहिली तर ती आपली चूक. पन्नास ग्रॅम हळकुंडं मागा. हळकुंड म्हणजे मुख्य गड्ड्याला फुटलेलं बोट. शेतातून काढल्यावर ते शिजवतात, वाळवतात, मग घासून चकचकीत करतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला ते मार्केट यार्डात सौद्याला येतं. नीट वाळलेलं हळकुंड फरशीवर टाकलं की टण्ण असा आवाज येतो, मोडलं की आत गर्द केशरी. दोन्ही मुलाला करून बघू द्या. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या व्यापारात कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूचीही हळद येते, म्हणून "ही कुठली?" असं विचारायला शिकवा. चांगला दुकानदार खरं सांगतो.

जमलं तर त्याच आठवड्यात हरिपूरला जा, कृष्णा-वारणेच्या संगमाला. तिथल्या जमिनीत पेवं खणून हळद वर्षानुवर्षं साठवत. २००५ च्या पुरात त्यातली बहुतेक बुजली. दुकानातलं हळकुंड खिशात ठेवून तिथं उभं राहिलं की मुलं वेगळेच प्रश्न विचारतात.

बेदाणाही विसरू नका. तासगावच्या बाजूचा, हिरवा, पिवळा, काळा, तिन्ही थोडा थोडा घ्या. साताऱ्यात असाल तर हळदीच्या जागी कोरेगावकडचा वाघा घेवडा मागा. दाण्यावरचे पट्टे बघून त्याचं नाव मुलंच सांगतात.

*पुडी.* शेठच्या धाकट्या भावानं मुलांना पुडी बांधायला शिकवलं. चौकोनी कागदाचा शंकू, आत जिन्नस, तोंड दोन बाजूंनी आत दुमडायचं, वरच्या रिळाचा दोरा ओढून दोन वेढे आणि झटक्यात तोडायचा. पहिल्या दहा पुड्या सुटतात. दुकानाचा माल सांडू नये म्हणून घरी ज्वारी घेऊन सराव करा. कागद कोरा हवा. वर्तमानपत्राची शाई खाण्याच्या पदार्थाला लागणं चांगलं नाही, म्हणून जाणते दुकानदार आता खाकी कागद वापरतात.

६. गल्ला आणि वही

पैसे मुलानं द्यायचे. आधी यादीपुढं आकडे लिहून बेरीज करायची, मग नोट द्यायची, मग उरलेले पैसे मोजून खिशात. म्हणूनच रोख. मोबाइलवर पैसे जाताना मुलाला काहीच दिसत नाही. शेठ तोंडी बेरीज करतात, वरून खाली एकदा आणि खालून वर एकदा. मुलांनी ते बघत राहावं, मध्ये घाई करू नये.

तुमचं खातं असेल तर पुढची पायरी. रोजमेळ म्हणजे दिवसाची नोंद, खतावणी म्हणजे घराघराची पानं. पानाच्या एका बाजूला 'नावे', दुसऱ्या बाजूला 'जमा'. नेलेला माल नावे पडतो, दिलेले पैसे जमा होतात. शेठनी आमचं पान काढून दाखवलं, शेजारचं पान तळहातानं झाकून. सासऱ्यांच्या आजारपणाच्या वर्षी चार महिने जमेची बाजू कोरी होती. त्या चार महिन्यांत नावेची बाजू मात्र भरत राहिली होती, डाळ, तांदूळ, साबुदाणा. मला हे माहीत नव्हतं. थोरलीनं ते पान वाचलं आणि मग हळूच म्हणाली, "म्हणून वह्या आधी वर नेल्या."

तुमचं खातं नसेल तर पहिल्याच दिवशी उघडायला मागू नका. वर्ष-दोन वर्षं रोखीनं घ्या. खातं कधी उघडायचं ते समोरचा ठरवतो.

लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा होते आणि पाडव्याला नवी वही सुरू होते. ओळख झाली असेल तर पूजेनंतर मुलांना घेऊन दोन मिनिटं जाऊन या. लाह्या-बत्ताशांचा प्रसाद मिळतो. काही घरांत जुन्या मोडीतल्या वह्याही जपून ठेवलेल्या असतात, त्या दाखवायला सणाचा दिवसच बरा.

आता न विचारायचे प्रश्न. मुलं विचारतात, "तुम्हाला यातून किती पैसे मिळतात?" त्यांना आधीच समजावून ठेवा. पण जास्त दुखावणारं मोठी माणसंच बोलतात: "आता काय, सगळं ऑनलाइनच येतं." गल्ल्यावरच्या माणसासमोर हे म्हणू नका. मी एका पाहुण्याला हे म्हणताना ऐकलं आणि शेठ काही न बोलता पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

७. घरी आल्यावर

जिन्नस मुलांनीच डब्यात भरावेत आणि त्याच दिवशी वापरावेत. यादीचा कागद फेकू नका. आमच्याकडे एका वहीत त्या चिकटवल्या आहेत. पहिल्या यादीत 'शेगंदाणे' आहे, चौथ्या यादीत शुद्ध आहे. निबंध, चित्रं, प्रश्नावली असलं काही करायला लावू नका. शाळेसारखं झालं की दुसरी फेरी होत नाही.

८. मूल एकटं जातं तेव्हा

तुमच्याबरोबर चार-पाच फेऱ्या झाल्या की एकदा तुम्ही बाहेर पायरीवर थांबा, मूल आत जाऊ दे. नंतर कोपऱ्यावर थांबा. वय मी सांगणार नाही, रस्ता ओलांडणं जमतं का ते बघून ठरवा. आम्ही थोरलीला साडेदहाव्या वर्षी एकटीला पाठवलं, सकाळी, तीन जिन्नसांची यादी देऊन, खिशात फोन नंबरची चिठ्ठी. शेठना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं.

एक पथ्य कडक पाळा. आजीची तंबाखू, मिसरी मुलाकडून मागवू नका. अठरा वर्षांखालच्या मुलाला ती विकायची नाही असा कायदा आहे आणि आपण मागवली तर ओळखीखातर दुकानदाराची पंचाईत होते. आमच्या सासूबाईंनी हे पहिल्यांदा मनाला लावून घेतलं, आता त्या स्वतः जाऊन आणतात.

माल चुकीचा आला तर मुलाला ओरडू नका, त्यालाच परत पाठवा. बदलून मागणं हेही शिकायचंच असतं. धाकटा मुगाच्या जागी मटकी घेऊन आला होता. तो रडकुंडीला येऊन परत गेला, दोन मिनिटांत मूग घेऊन आला आणि वर दाणे खात आला.

आणि मुलाबरोबर निरोप येऊ लागतात, त्यांची तयारी ठेवा. मागच्या महिन्यात थोरली सुंठ आणि एरंडेल घेऊन आली आणि म्हणाली, "आई, आजोबांनी विचारलंय, आजीचा गुडघा कसा आहे?" अशा निरोपाचं उत्तर फोननं कळवू नका. पुढच्या यादीबरोबर मुलाच्याच तोंडी पाठवा.